कान दौंडला, तोंड खडकीला



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका गोष्टीवरून दोन तास वाद झाला. आमची एक सभासद लेकीच्या बाळंतपणाला हडपसरला गेलेली. कर्ज कुणाला द्यायचं ते त्याच दिवशी ठरवायचं होतं, तिचं मत हवं होतं, म्हणून व्हिडिओ कॉल लावला. बाई दिसल्या, बोलल्या, मत दिलं, वर नातही दाखवली. इथपर्यंत ठीक. पण हजेरीच्या वहीत काय लिहायचं? ती हजर की गैरहजर? एकजण म्हणाली, “हजर धरा, मी करते तिची सही, कोण बघतंय!” हे ऐकलं आणि अध्यक्षबाईंनी वही मिटून मांडीखालीच घेतली.

त्या वादाचा निकाल शेवटी सांगते. पण घरी येताना मला वाटलं, हा प्रश्न काही आपल्या गटाचा एकटीचा नाही. माणूस एकीकडे, त्याचा आवाज दुसरीकडे, मग तो माणूस आहे कुठं? रेडिओची मंडळी शंभर वर्षं याच प्रश्नाशी झगडतायत. आणि त्या गोष्टीचं एक टोक आपल्या अगदी शेजारी आहे. वडगाव रासाईची भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. त्या दौंडात.

दौंड म्हटलं की आपल्याला रेल्वे आठवते. इंग्रजांच्या कागदांत त्याचं नाव ‘धोंड’ असं लिहिलेलं सापडतं, आणि १९२७ साली ते नाव लंडनच्या तार ऑफिसात रोज घेतलं जात होतं. झालं असं, की तोवर मुंबईहून विलायतेला तार पाठवायची तर ती समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जायची. ही केबल १८७० सालापासूनची. सगळा मामला महाग, आणि समुद्रात केबल कुठं तुटली की दुरुस्तीला जहाज पाठवावं लागे. मग मार्कोनीच्या कंपनीनं नवी पद्धत आणली. लघुलहरी, म्हणजे शॉर्टवेव्ह, एका दिशेला गोळा करून सोडायच्या. कंदिलाचा उजेड चहूकडे सांडतो आणि बॅटरीचा झोत एकीकडे जातो, तसं. त्या झोताला ‘बीम’ म्हणत. या लहरी वर आकाशातल्या एका थराला आपटून पुन्हा खाली येतात, म्हणून सात हजार किलोमीटरवरच्या इंग्लंडात पोचतात. मध्ये तार नाही, केबल नाही.

२३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी राजे पाचवे जॉर्ज यांच्याशी संदेशांची देवाणघेवाण करून या सेवेचं उद्घाटन केलं. गंमत म्हणजे मुंबईचं पहिलं मोठं रेडिओ केंद्रही त्याच तारखेला आयर्विन यांच्याच हस्ते सुरू झालं. आजही २३ जुलै हा प्रसारण दिन म्हणून पाळतात. गाणी-बातम्यांच्या रेडिओची आठवण सगळ्यांना राहिली. दौंडची फारशी कुणाला राहिली नाही.

आता नीट लक्ष द्या, कारण मुद्दा इथंच आहे. हे एक केंद्र नव्हतं, दोन होती. संदेश पाठवायचा ट्रान्समीटर पुण्याजवळ खडकीला. आलेला संदेश ऐकायचा रिसीव्हर दौंडला. दोन्हींत सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरचं अंतर. आणि काम करणारे तारमास्तर? ते दोन्हीकडे नव्हते, ते मुंबईच्या ऑफिसात बसलेले! मुंबईत ठोकलेली तार जमिनीवरच्या तारेनं खडकीला जाई आणि तिथून आकाशात. विलायतेची तार दौंडच्या अँटेनावर उतरे आणि जमिनीवरच्या तारेनं मुंबईला येई. तिकडे इंग्लंडातही तसंच होतं, पाठवायचं ठाणं एका गावी, ऐकायचं दुसऱ्या गावी आणि तारमास्तर लंडनला.

कान आणि तोंड इतकं लांब का ठेवायचं? लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीपुढं उभं राहून कधी फोन घेतलाय? पलीकडून कुणी कितीही ओरडलं तरी ऐकू येत नाही. खडकीचा ट्रान्समीटर म्हणजे तो डीजे. त्याच्याशेजारी रिसीव्हर ठेवला असता तर सात हजार किलोमीटरवरून थकून आलेली बारीक कुजबुज त्याला ऐकूच आली नसती. म्हणून कान शांत जागी नेला. ऐकणाऱ्याला शांतता लागते, हे आपल्या जिल्ह्यानं पुढेही पाहिलं. जुन्नर तालुक्यात खोडदला आकाशातल्या लहरी ऐकणाऱ्या ४५ मीटर व्यासाच्या ३० मोठाल्या तबकड्या उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती जागा निवडताना रेडिओचा गोंगाट कमी असणं हेही एक कारण होतं. ती दुर्बीण तर नुसता कानच आहे, तिला तोंड नाही.

दौंड-खडकीच्या कामाला कुणी लबाडी म्हणालं नाही. का म्हणावं? तार वेळेवर आणि बिनचूक पोचली, की गिऱ्हाइकाला तिनं कुठल्या गावच्या अँटेनावर पाय टेकले याच्याशी काय करायचंय? आपल्याकडे नदीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवतात ना, तसंच. मालक पुण्यात बसून फोन लावतो, मोटार भीमेवर सुरू होते आणि पाणी उसाला जातं. ऊस काही विचारत नाही, बटण कुणी कुठून दाबलं. पण विजेचं मीटर मात्र फिरतं मोटारीपाशीच. पुण्याच्या फ्लॅटमध्ये फिरत नाही. मीटरचं हे ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

ही झाली धंद्याची गोष्ट. आता हौशीची.

जगात काही लोक असे आहेत जे स्वतःचं रेडिओ केंद्र चालवतात आणि त्यातून एक पैसाही मिळवत नाहीत. मिळवायचा नाही, असाच नियम आहे. त्यांना ‘हॅम’ म्हणतात. आपल्या देशातले पहिले हॅम अमरेंद्रचंद्र गुप्तू, १९२१ सालचे, बंगालचे. आज आपल्याकडे केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. वय बारा पूर्ण असलं की मुलगा असो वा मुलगी, बसता येतं. पास झालं की परवाना मिळतो आणि एक सांकेतिक नाव मिळतं. भारतातल्या बहुतेक हॅमचं नाव ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतं. ते ऐकलं की ब्राझीलमधल्या माणसालाही कळतं, ही हिंदुस्थानातली बाई बोलतेय. म्हणजे या नावात आडनावापेक्षा गाव महत्त्वाचं. परवान्यावरही केंद्राचं ठिकाण लिहिलेलं असतं.

या हौशी लोकांना एक वेड असतं, जास्तीत जास्त देशांशी बोलायचं. बोलणं झालं की एकमेकांना कार्ड पाठवायचं, त्यावर तारीख, वेळ, ठिकाण. कार्डं जमवून मानपत्र मिळतं, शर्यती असतात. त्यातली एक मोठी, सीक्यू वर्ल्ड वाइड, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी बोलण्याची आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मोर्सच्या टकटकीची, ४८-४८ तास चालते. बक्षीस म्हणजे एखादी फळी किंवा कागद, पैसे नाहीत. तरी माणसं झोप सोडून बसतात. आपल्याकडे हळदीकुंकवाच्या संगीत खुर्चीत पैठणी नसली तरी बायका कशा पळतात, तसंच म्हणा.

आणि जिथं खेळ आला तिथं लबाडी आलीच. परवान्यापेक्षा जास्त ताकदीचा ट्रान्समीटर लावायचा, ही जुनी खोड. मंजूर मोटार पाच हॉर्सपॉवरची आणि बसवली साडेसातची, हे आपल्याला नवीन नाही. पण मोठी लबाडी ठिकाणाची. १९६० च्या दशकात एक अमेरिकन हौशी दूरदूरच्या बेटांवरून बोलण्यासाठी जगप्रसिद्ध झाला होता. त्याच्याशी बोलणं झालं की लोक हरखून जात, कारण त्या बेटावर दुसरा हॅमच नाही. मग शंका यायला लागल्या, की हा सांगतो त्या जागी खरंच होता का? चौकशी झाली. अमेरिकेच्या हौशी संघटनेनं त्याच्या काही ठिकाणांचे संपर्क यादीतून काढून टाकले. ज्यांनी रात्र रात्र जागून ते मिळवले होते त्यांचं काय? त्यांनी तर काही चूक केली नव्हती. लबाडी एकजण करतो आणि खोटं कार्ड दुसऱ्याच्या भिंतीवर लटकतं.

इंटरनेट आलं तशी पुढची भानगड. आता दौंड-खडकीसारखी सोय घरोघर आली. न्यूयॉर्कच्या इमारतीत सोसायटी अँटेना लावू देत नाही? मग कुठं तरी डोंगरावर केंद्र उभारा आणि घरच्या संगणकावरून चालवा. म्हाताऱ्या माणसांना, आजारी माणसांना, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना याचा फार मोठा आधार झाला. जुने खेळाडू चिडले. ज्यानं स्वतः खांब उभा केला नाही, वारा-पाऊस सोसला नाही, तो नुसतं बटण दाबून आमच्या पंगतीत कसा बसतो, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर यात थोडी म्हाताऱ्या सासूची तक्रार आहे. आम्ही जात्यावर दळलं आणि तू गिरणीतून आणतेस! पिठाची भाकरी होते ना? झालं तर.

पण त्या तक्रारीत एक खरा मुद्दा आहे, आणि नियम करणाऱ्यांनी तो बरोबर पकडला. सीक्यूच्या शर्यतीत लांबून केंद्र चालवायला परवानगी आहे. माणूस कुठंही बसो. मात्र ट्रान्समीटर, रिसीव्हर आणि अँटेना हे सगळं एकाच ठिकाणी हवं, ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात. आणि सांकेतिक नाव वापरायचं ते जिथं केंद्र आहे तिथलं, चालवणारा बसलाय तिथलं नाही. म्हणजे आपलं मोटारीचं मीटर! मोटार जिथं, हिशेब तिथं.

कान आणि तोंड एकत्र का हवं? कारण हा खेळच मुळात ऐकण्याचा आहे. पुण्यातल्या हॅमला पुण्याचा गोंगाट आहे, विजेच्या तारा आहेत, पावसाळ्यात कडकडाट आहे. त्यातून दूरचा बारीक आवाज ओळखायचा, हेच कसब. आता नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठानं २००८ पासून एक रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. कुणीही मोबाइलवर तो ऐकू शकतं. फार चांगली सोय, शिकणाऱ्यांसाठी तर सोनंच. पण समजा, मी इथं भीमेकाठी ट्रान्समीटर लावला आणि युरोपातली उत्तरं ऐकायला त्या नेदरलँड्सच्या कानाचा उपयोग केला, तर? युरोपच्या माणसाचा आवाज युरोपातच ऐकला. तो इथवर पोचला की नाही, कुणाला माहीत? मी कार्डावर लिहिणार की वडगाव रासाईहून दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. ते खरं नाही. अर्धंच झालं.

आता बघा मजा. आपलं १९२७ चं दौंड-खडकी, ज्याचं उद्घाटन खुद्द व्हाइसरॉयनं केलं, ते आजच्या हौशी शर्यतीत उतरलं असतं तर पहिल्याच फेरीत बाद! कान सत्तर किलोमीटरवर. धंद्यात जी हुशारी, तीच खेळात लबाडी. वस्तू तीच आणि काम तेच, पण समोरच्याला आपण काय सांगितलंय त्यावर सगळं ठरतं. तारवाल्या कंपनीनं कुणालाही सांगितलं नव्हतं की आमचा कान आणि तोंड एका खोलीत आहेत.

इथं मला एका बाईची आठवण काढायची आहे. तुम्ही म्हणाल, ठिकाण खरं सांगायलाच हवं, तर उषा मेहतांचं काय? दुसरं महायुद्ध सुरू झालं तसे इंग्रज सरकारनं हौशी लोकांचे परवाने रद्द केले, यंत्रं जमा करायला सांगितली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक झाली आणि सगळे पुढारी तुरुंगात गेले. तेव्हा मुंबईत बावीस वर्षांची ही मुलगी आणि तिच्या सोबत्यांनी चोरून रेडिओ सुरू केला, काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर. सुरुवातीला त्या काय सांगत? हा रेडिओ हिंदुस्थानात कुठूनतरी बोलतोय. बस, ‘कुठूनतरी’. पोलिसांच्या गाड्या आवाजाची दिशा शोधत फिरायच्या, म्हणून यंत्र या घरातून त्या घरात हलवायचं. शेवटी त्यांच्याच एका तंत्रज्ञाकडून जागा फुटली आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला त्या पकडल्या गेल्या. सहा महिने चौकशी झाली, बाईंनी तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली आणि आपल्या पुण्याच्या येरवड्यात त्या राहिल्या. १९४६ ला सुटल्या. पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, १९९८ ला पद्मविभूषण मिळालं.

त्यांनी ठिकाण लपवलं, पण ते खेळातलं लपवणं नव्हतं. ऐकणाऱ्याला त्यांनी फसवलं नाही. ‘कुठूनतरी’ म्हणाल्या, ‘दिल्लीहून’ म्हणाल्या नाहीत. न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. शिवाय समोर सरकार होतं, बरोबरीचा खेळाडू नव्हता. मी तरी त्यांना या हिशेबात बाद करणार नाही.

हौशी लोकांच्या सभ्यतेचा खरा कस लागला तो २००४ साली. अंदमानात १९८७ नंतर कुणा हॅमला बोलायची परवानगीच मिळाली नव्हती. जगभरचे लोक त्या कार्डासाठी सतरा वर्षं रांगेत. भारती प्रसाद, सांकेतिक नाव व्हीयू२आरबीआय, यांनी मोठ्या खटपटीनं परवानगी मिळवली आणि डिसेंबर २००४ मध्ये चमूसह पोर्ट ब्लेअरला केंद्र उभारलं. जग तुटून पडलं. एकाच वेळी शेकडो लोक हाका मारतायत, आणि प्रत्येकाला आपला नंबर आधी हवाय. एसटीच्या दारात गर्दी होते तशी. तिथं शिस्त कोण लावणार? पोलीस नाही, कंडक्टर नाही. आपली पाळी येईपर्यंत गप्प राहायचं, हे ज्याचं त्यानं पाळायचं.

मग २६ डिसेंबरची सकाळ. भूकंप आणि त्यामागून त्सुनामी. फोन बंद, बेटं तुटली. भारतीताईंनी खेळ तिथल्या तिथं थांबवला. ज्या यंत्रावर देश मोजले जात होते त्याच्यावरून आता कोण जिवंत आहे, कुणाला औषध हवंय, कुणाच्या घरी निरोप द्यायचाय, हे मुख्य भूमीला कळवलं जाऊ लागलं. सतरा वर्षं वाट पाहिलेल्यांपैकी कितीतरी जणांचं कार्ड राहून गेलं असेल. पण संकटाचा निरोप चालू असला की बाकीच्यांनी ती जागा मोकळी करायची, हा या लोकांचा जुना दंडक आहे. किल्लारीच्या भूकंपात, १९९३ साली, आपल्या महाराष्ट्रातही हॅम असेच धावून आले होते. आणि एक विचार करा. त्या सकाळी भारतीताई म्हणाल्या, मी पोर्ट ब्लेअरहून बोलतेय, तेव्हा ऐकणाऱ्यानं त्याच्यावर विश्वास ठेवला. ज्या खेळात ठिकाण खोटं सांगायची मुभा असती, त्या खेळातल्या माणसाच्या तोंडून आलेला हा निरोप कुणी खरा धरला असता का?

दौंड-खडकीचं पुढं काय झालं तेही सांगते. १ जानेवारी १९४७ ला सरकारनं ही परदेशी तारांची सेवा आपल्या ताब्यात घेतली. १९७१ ला जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रहाचं केंद्र आलं. त्यानंतर परदेशी बोलणं हळूहळू आकाशातल्या उपग्रहावर आणि पुढे समुद्रातल्या नव्या केबलवर गेलं. म्हणजे फिरून पुन्हा समुद्रातच!

माझी भाची पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकते. तिनं हे सगळं ऐकलं आणि विचारलं, “मावशी, परवाना काढला, आपल्या मळ्यातल्या खोलीवर अँटेना लावली आणि मी हॉस्टेलवरून बोलले, तर चालेल?” मी म्हटलं, आधी परीक्षा दे, मग खात्याला रीतसर विचार, मळ्यात लाइट किती तास असते तेही बघ. “आणि गाव कुठलं सांगू?” म्हटलं, अँटेना कुठं आहे? “मळ्यात.” मग वडगाव रासाईच सांग. पुणं सांगितलंस तर तुझे मामा रागावतील ते वेगळंच.

आणि हो, आमच्या गटाचा निकाल. तिचं मत धरलं. हजेरीच्या रकान्यात सही केली नाही, तिथं अध्यक्षबाईंनी आपल्या हातानं लिहिलं, ‘फोनवरून, मुक्काम हडपसर’. बारशाचे पेढे घेऊन ती परत आली तेव्हा त्या ओळीखाली तिनं स्वतः सही केली, त्या दिवसाची तारीख घालून.